बाईची मेलेली टेप

तळा
५ जानेवारी २०२५

चि. सिद्धेश,

जयभीम. फोन असताना आत्या पत्र का लिहिते असं तू दीक्षाला विचारशील, म्हणून आधी तेच सांगते. दिवाळीपासून मी तुला व्हॉट्सअ‍ॅपवर चांगले लांबलचक निरोप लिहिले आणि प्रत्येकाला तू अंगठा दाखवलास. सख्ख्या आत्याला अंगठा दाखवणाऱ्या माणसाशी यापुढे मी टपालानेच बोलणार. पत्राला उत्तर लिहावं लागतं, आणि लिहिताना निदान मध्येच दुसऱ्याचा फोन घेता येत नाही.

तुझ्या बापाने बोटीवरून आणलेला तो काळा कॉम्प्युटर, ज्याच्यासाठी तू कित्येक वर्षं माझ्याशी गोड बोलतो आहेस, तो एस.टी.च्या पार्सलने पाठवला आहे. दादाला तो कधी चालवता आला नाही. 'बघ तुला काय जमतं का' म्हणून त्याने माझ्या गळ्यात मारला, आणि मला जमलं. तुला तो कशाला हवा, हे मात्र अजून कळलेलं नाही. नागावला लोक समुद्रात त्या हवा भरलेल्या रबरी केळ्यावर बसून बुडायला येतात. त्यांना राहायला खोली देऊन तू जेवणानंतर जुनी मशीनं दाखवतोस म्हणे. गिऱ्हाईक टिकवायची ही रीत मी कुठे ऐकलेली नाही.

मशीन तुझं, कायमचं. अट एकच. सोबत एक कॅसेट आहे. तिच्यावर मी स्वतः लिहिलेला, याच मशीनवर खेळायचा खेळ आवाजाच्या रूपात भरलेला होता. त्यावर नंतर गाणी भरली गेली. गाण्यांच्या खाली माझा खेळ थोडा तरी उरला आहे का, ते बघून सांग. घाई नाही, पण मी चौसष्ट वर्षांची आहे हे ध्यानात ठेव.

तुझी आत्या,
जयमाला

*

नागाव
१६ जानेवारी

प्रिय आत्या,

जयभीम. आमच्या पिढीत अंगठा म्हणजे 'वाचलं, पटलं'. पण ठीक आहे, तुला यापुढे अंगठा नाही.

पार्सल आलं त्या दिवशी दोन खोल्या भरलेल्या होत्या. पाहुण्यांना पोह्यांऐवजी आदल्या दिवशी उरलेली भाजी गेली, कारण मी स्क्रू काढत बसलो होतो. आत पालीची अंडी आहेत आणि एक झुरळ, तेही त्याच काळातलं असावं. खाऱ्या हवेने सोल्डरवर हिरवं चढलंय. वरची रबराची बटणं अजून मऊ आहेत, पण त्यांच्याखालची प्लास्टिकची पट्टी पापडासारखी मोडली. टीव्हीला जोडलं तर पडदाभर रंगीत चौकोनांची गर्दी, म्हणजे मेमरीची एखादी चिप गेलेली आहे. तुला वाईट वाटेल, पण मला फार आनंद झाला. चालू मशीन काय कुणीही ठेवेल. दीक्षा म्हणाली, 'आपला मिक्सर सहा महिने बंद आहे. तो म्हातारा झाला की दुरुस्त करशील का?' तिला या विषयातलं काही कळत नाही.

आता कॅसेट. तिच्यावर बायकांची गाणी आहेत, हळदीची असावीत. एक बाई पुढे म्हणते, बाकीच्या मागून ओढतात. पुढची बाई जबरदस्त आहे. पण खाली काही नाही गं. टेपरेकॉर्डर नवीन भरताना जुनं आधी पुसतच पुढे जातो. फळा पुसून नवीन लिहिल्यासारखं. खाली काही उरायचा प्रश्नच येत नाही.

अट मी पाळली आहे, तेव्हा मशीन माझं ना? आणि ही गाणारी बाई कोण?

तुझा,
सिद्धेश

*

तळा
२४ जानेवारी

चि. सिद्धेश,

फळ्याचे दाखले शिक्षिकेला देऊ नयेत. फळा कितीही पुसला तरी आधीचं दिसतंच, आणि शिपायाने पुसला असेल तर नुसतं वाचून वर्ग घेता येतो. मला वाटलं होतं टेपचंही तसंच असेल.

ती गाणारी बाई म्हणजे ठमी. पेणच्या पलीकडे मिठागराच्या गावात मी पहिल्यांदा शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा तिच्या शेजारची खोली मला मिळाली. दिवसा मिठागरावर टोपल्या वाहायची आणि लग्नसराईत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायची. तिकडे हळदीला धवलारीण लागते, आणि ठमी आल्याशिवाय आसपासच्या गावांत हळद पुढे सरकत नसे. अक्षर एक येत नव्हतं. शिकवते म्हटलं तर म्हणायची, 'तुझी शाला पोरांना, मना कशाला?' पण संध्याकाळी मी टीव्हीला मशीन लावलं की ही दारात हजर.

खेळ मी तिच्यासाठी लिहिला. 'उधाण' त्याचं नाव. डोक्यावर टोपली घेतलेली एवढीशी बाई, मिठाच्या राशी, बांध, आणि खालून चढत येणारं पाणी. पाणी यायच्या आत मीठ उचलायचं. ती बाई मी चौकटीच्या कागदावर काढली, ठमीला टोपली घेऊन समोर उभी करून. पडद्यावर बघून ती म्हणाली, 'माजी कंबर येवरी जारी हाय?' मी दोन्ही बाजूंचा एकेक चौकोन काढून टाकला, तेव्हा खेळायला बसली. हरली की मशीनला शिव्या द्यायची, जिंकली की मला.

मग तिच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या आठवड्यात माझे परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून मी तिला खेळू दिलं नव्हतं. 'बघतंय तुला' म्हणून ती गेली. लग्नाला माझा टेपरेकॉर्डर नेला, आत कॅसेट तशीच राहिली. परत आला तेव्हा माझ्या खेळाच्या जागी तिचे धवले. भरण्याचं काम कोंडाजी स्पीकरवाल्याने केलं, पण त्याला काय कळणार, हातात दिलं ते लावणारा माणूस. मी ठमीच्या ओट्यावर जाऊन स्पष्ट सांगितलं, तूच पुसलास. ती गप्प राहिली. मग मीही बोलले नाही. पुढच्या जूनमध्ये बदली घेऊन इकडे आले. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

नंतर मी तो खेळ पुन्हा लिहायला बसले होते. पाणी जमलं, बांध जमले. ती बाई काही जमली नाही. आणि तशी मैत्रीणही मला नंतर झाली नाही. शाळेत बऱ्याच होत्या, पण त्या पगारवाढीवर बोलायच्या.

यूट्यूबवर बघितलं की या मशीनचं सोंग घेणारे प्रोग्रॅम फोनवरही मिळतात, इम्युलेटर म्हणतात त्यांना. मग तू झुरळं कशाला साफ करतोस?

मशीन तुझंच. शब्द दिला तो दिला.

आत्या

*

नागाव
९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू इम्युलेटरचं नाव काढलंस म्हणून जरा बोलतो. सुरणाचे काप रव्यात घोळवून तळले तर ते दिसतात सुरमईसारखे. कुरकुरीतही लागतात. पण जेवून उठल्यावर माणसाला कळतं की आपल्याला फसवलं. माझ्या घरात सुरण चालणार नाही. मशीन म्हणजे मशीन, रबराचं बटण बोटाखाली दबलं पाहिजे आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून किंचाळतच आत गेला पाहिजे. पाहुण्यांनी कान झाकले तरी हरकत नाही.

तर, तुझं मशीन जिवंत झालं. चिप बदलली, नवीन पट्टी बसवली, फुगलेले कपॅसिटर काढले. पी दाबलं की अख्खा प्रिंट शब्द उमटतो. दीक्षाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, 'छान. आता मिक्सर.' मी त्याला खिडकीजवळची सगळ्यात चांगली जागा दिली आहे. खरं सांगतो, एवढी मशीनं जमवली, पण हे एकच आपल्या घरातलं आहे. बाबांच्या हातचं. याच्यासाठी मी उरलेली सगळी देऊन टाकीन.

आता मला एक चांगला जुना डबल डेक हवा आहे, दोन कॅसेटी बसणारा. तू कोंडाजी स्पीकरवाल्याचं नाव लिहिलंस आणि माझे कान टवकारले. अशा लोकांच्या माळ्यावर खजिने असतात. पेणला चौकशी केली, म्हातारा आहे अजून. पुढच्या आठवड्यात जातोय.

तुझा,
सिद्धेश

*

तळा
१४ फेब्रुवारी

चि. सिद्धेश,

डेक आणायला जातोस तर डेक आण. ठमीच्या घरी जाऊ नकोस. आमच्या भांडणात पुरुषमाणसांनी पडायचं काही कारण नाही.

गेलासच तर तिची तब्येत कशी आहे ते लांबून बघ. मी विचारलं असं सांगू नकोस. मी विचारलेलंच नाही.

तिचं घर देवळाच्या मागे, चिंचेला लागून आहे. निदान होतं.

आत्या

*

नागाव
३ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र बसून वाच.

कोंडाजीचा धंदा आता मुलगे बघतात. छातीत धडधड होईल एवढे स्पीकरचे डबे लावतात, म्हाताऱ्याला व्हरांड्यात खुर्ची दिली आहे आणि कशाला हात लावायचा नाही अशी ताकीद. मी डबल डेकची चौकशी केली तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. माळ्यावर डेक होता आणि सोबत पत्र्याची ट्रंक भरून कॅसेटी. म्हणाला, 'हातात आली कं कापी. आपला नेमच तो.' तरुणपणी त्याने कुणा खोताच्या लग्नाची कॅसेट चुकून पुसली होती आणि भर मांडवात मार खाल्ला होता. तेव्हापासून कुणाचीही कॅसेट आली की आधी तिची कॉपी काढून ठेवायची, मग तिला हात लावायचा. आत काय आहे ते बघायचंही नाही.

मी ट्रंक उपसली. तळाशी एक कॅसेट होती, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'मास्तरीणबाई. मेलेली टेप.'

मी विचारलं, ही काय? तर कोंडाजी म्हणाला, 'अरं, ती शालेतली बाई होती ना, तिची. ठमीच्या पोरीच्या हलदीला कोरी कॅसेट सरली. बाईच्या टेपमदी एक व्हती. लावली तं गानी नाय न काय नाय, उंदीर कोंडल्यासारखा आवाज. मी बोललू, बाईची टेप मेली. कापी आदल्या दिशीच काढली व्हती, मंग पुसली न धवले भरले.' ठमी तेव्हा कुठे होती म्हटलं. 'ती मांडवात गात व्हती, दुसरी कुठं असल?'

म्हणजे आत्या, ठमीने काही केलेलं नाही. एका स्पीकरवाल्याला तुझा खेळ आजारी वाटला, बस.

पुढचं सांगायला मला लाज वाटते आहे, पण सांगतो. घरी येऊन कॅसेट तुझ्या मशीनला लावली. दर वेळी अर्ध्यावर जाऊन लोडिंग एरर. हेड पुसला, हेडचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करून पाहिला. चार दिवस घरात नुसती किंचाळी. एक कुटुंब दिवस बाकी असताना खोली सोडून गेलं. शेवटी दीक्षाने तोच आवाज लॅपटॉपमध्ये भरला, मला न विचारता इम्युलेटर उतरवला, आणि पहिल्या फटक्यात खेळ चालू. मी सुरण खाल्लं, आत्या. आणि पडद्यावर ती बाई आली, डोक्यावर टोपली, बारीक कंबर. मी लगेच बुडालो. दीक्षा बरीच पुढे गेली.

ठमीकडे जाऊ नको म्हणालीस आणि घर कुठे ते लिहिलंस, म्हणून मी गेलो, पण ओट्यापर्यंतच. चिंच नाही. दुमजली बंगला आहे, मुलांचे ट्रेलर चालतात. मिठागरावर भराव पडला, तिथे आता गोदामं आहेत. ठमी बाहेर बाकावर बसते, आत एसीने तिला खोकला येतो. दम लागतो, त्यामुळे गाणं बंद. कुठला म्हणून विचारलं. तळ्याच्या जयमालाबाईंचा भाचा, म्हटलं. मग म्हणाली, 'बाई हाय अजून?' आहे, म्हटलं. 'चश्मा लागला?' लागला. 'बरा झाला.' निघताना पिशवीभर सोडे, सुकवलेली कोळंबी, दिले. कुणासाठी ते सांगितलं नाही, म्हणून मी माझेच समजलो. वांग्यात घातले, फार सुरेख लागले.

तिला मी कोंडाजीचं काही सांगितलं नाही. ते तुझं तू बघ.

तुझा,
सिद्धेश

*

(पोस्टकार्ड)
तळा, १० मार्च

खेळ माझ्या फोनवर पाठव. सोंग चालेल. तेवढ्या एका निरोपाला मी तुला अंगठा दाखवीन. माझे सोडे खाल्लेस हे मी विसरणार नाही.
ज.

*

पेण
३० मार्च

चि. सिद्धेश,

हे पत्र ठमीच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. ती शेजारीच आहे आणि काय लिहिते म्हणून सारखी विचारते आहे. तुझी निंदा लिहिते असं सांगितलं, तेव्हा गप्प बसली.

पोस्टकार्ड टाकल्यावर निघायला मला बरेच दिवस लागले. रोज पिशवी भरायची, रोज काहीतरी काम निघायचं. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. इतकी वर्षं एका बाईला चोर धरून बसले, आता तिच्यापुढे जाऊन काय बोलायचं? शेवटी काल सकाळी गाडीत बसले. वडखळला गाडी बदलताना परत फिरावं असंही वाटलं. पण परतीच्या गाडीला गर्दी होती.

मी ओट्यासमोर उभी राहिले. ठमीने पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, 'वालली किती गं. भाचा खायाला देत नाय?' मी बोलायचं म्हणून जे जे ठरवून आणलं होतं ते सगळं विसरले. एकदम म्हटलं, 'ठमे, ते कोंडाजीने पुसलं होतं.'

ती म्हणाली, 'मना ठावं हाय. कोंड्यानी दुसऱ्या दिशीच सांगितला.'

मी विचारलं, 'मग तेव्हा बोलली का नाहीस?'

'तू इचारलास कवा?' ती म्हणाली. 'तू आलीस न बोल्लीस, तूच पुसलास. आन पाय आपटत गेलीस. मास्तरीन ना तू? पोरांना तरी आदी इचारतंस, मंग मारतंस.'

मी रडले. ओट्यावर बसून, डोळ्यांना पदर न लावता, शाळेतल्या पोरासारखी रडले. तिचे मुलगे, सुना सगळे दारात येऊन बघत होते. ठमीने त्यांना आत हाकललं. मग स्वतःही रडली, पण तिला लगेच खोकला आला, त्यामुळे ते लवकर संपलं. म्हणाली, बदली होऊन मी गेले तेव्हा ती रस्त्यावर येऊन उभी होती, गाडीतून मी एकदा तरी बघीन म्हणून. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसले होते. मुद्दामच बसले होते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी फोन काढून तिला खेळ दाखवला. टोपलीवाली बाई बघितल्याबरोबर ओळखली. 'ही मीच,' असं सुनेला बोलावून सांगितलं. मग खेळायला घेतला. बोट सरकायचं एकीकडे आणि बाई जायची भलतीकडे. पहिल्याच पाण्यात बुडाली, दुसऱ्याला बुडाली. तिसऱ्यांदा फोन माझ्या मांडीवर टाकला. 'ह्यो काय खेल हाय? बोटाला काय लागतच नाय. आपला तो कुठं हाय, रबरवाला?'

मी म्हटलं, तो भाच्याला दिला. कायमचा दिला, शब्द दिला आहे. त्याच्या बापाची वस्तू आहे, त्याने जिवाचं रान करून चालू केला, खिडकीजवळ ठेवला आहे.

ठमीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'त्याला सांग, घेऊन ये. आमच्यात जुना टीवी हाय, पोऱ्यांनी माल्यावर टाकलाय.'

तू जिवापाड जपलेलं हे एकच मशीन आहे, मला माहीत आहे. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. मी शब्द मोडते आहे. तू माझ्यावर रागाव, दोन महिने बोलू नकोस, अंगठेसुद्धा दाखव. पण मशीन घेऊन ये. येत्या रविवारी ये, दीक्षालाही आण. तिच्याविरुद्ध खेळायचं असं ठमीने ठरवून टाकलं आहे.

मी ठमीला म्हटलं, आणायला सांगते, पण नाजूक वस्तू आहे, ती मी तळ्याला माझ्याकडे ठेवीन. लागेल तेव्हा इकडे घेऊन येत जाईन.

ती म्हणाली, 'तुझ्याकरं नको. तुझ्याकरं ठेवली तं तू येशील कशाला?'

तुझी,
आत्या